नॉमिनेशन आलंय, कोणाला पाठवायचं?

बँकेच्या शाखेत ट्रेनिंगचं नॉमिनेशन आलं की मॅनेजरसाहेब आधी विषय वाचत नाहीत, तारखा वाचतात. मग चष्मा कपाळावर सरकवून केबिनच्या काचेतून हॉलभर नजर फिरवतात. ज्ञान, कौशल्य, करिअर वगैरे काहीही त्या वेळी त्यांच्या मनात नसतं. तीन दिवस कोण नसलं तरी काउंटरवर बोंब होणार नाही, एवढंच ते शोधत असतात. विषय असतो 'कृषी कर्ज : छाननी आणि वसुली'. शेतीकर्ज बघणारा अधिकारी समोरच बसलेला असतो, पण त्याच्या टेबलाभोवती सातबारा घेऊन आलेल्या लोकांचं कडं पडलेलं असतं. त्याला सोडलं तर शाखेला कुलूप लावावं लागेल. म्हणून मग आवक-जावक रजिस्टर आणि स्टेशनरीचं कपाट सांभाळणारा जातो.

हे वर्षानुवर्षं चाललं की मोठी गंमत होते. ज्यांच्यावाचून शाखेचं काहीही अडत नाही, त्यांच्याकडे बँकेतलं सगळं ज्ञान साठत जातं. आमच्याकडे असे एक सद्गृहस्थ होते. (बँकेचं नाव विचारू नका, अजून नोकरी आहे.) परकीय चलन, शेतीकर्ज, सोनेतारण, जोखीम व्यवस्थापन, सगळी प्रमाणपत्रं त्यांनी प्लॅस्टिकच्या फोल्डरात लावून ठेवली होती. 'तणाव व्यवस्थापन' तर त्यांनी दोन वेगवेगळ्या गावी केलं होतं. अख्ख्या शाखेत तणाव नसलेला तो एकमेव माणूस होता. ज्यांना तणाव होता त्यांना रजाच मिळत नव्हती, ट्रेनिंग कुठलं मिळायला?

'नेतृत्वगुण विकास'चं नॉमिनेशन आलं की ते मार्चअखेर निवृत्त होणाऱ्याला जातं. त्यामागे एक माणुसकी असते. चाळीस वर्षं राबला बिचारा, जाता जाता बँकेच्या खर्चानं एसी हॉलमध्ये तीन दिवस बसून येऊ दे. तोही जातो, नेता होऊन परत येतो आणि पंधरा दिवसांनी नारळ-शाल घेऊन घरी जातो. घरी त्या नेतृत्वाचं काय होतं ते वहिनींना विचारावं.

आणि हे सगळं घडतं फेब्रुवारी-मार्चात. वर्षभर ट्रेनिंग विभाग निवांत असतो. फेब्रुवारी उजाडला की कोणाच्या तरी लक्षात येतं की ट्रेनिंगचं बजेट तसंच पडलंय आणि ३१ मार्चपर्यंत उडवलं नाही तर पुढच्या वर्षी कापतील. मग क्लोजिंगच्या ऐन धामधुमीत, माणसं रात्री नऊपर्यंत शाखेत बसलेली असताना, 'कार्य-जीवन संतुलन' या विषयावर दोन दिवसांची निवासी कार्यशाळा निघते.

ट्रेनिंग सेंटरवर पोचलं की हातात एक पिशवी मिळते. तिच्यात पॅड, पेन आणि गळ्यात अडकवायचं नाव. पिशवीची चेन चालते की नाही हे लोक तिथल्या तिथे तपासतात. इतकं बारकाईनं त्या तीन दिवसांत पुढे काहीच तपासलं जात नाही. मग येतो आइसब्रेकर. बर्फ फोडायचा म्हणे. आमच्याकडे पन्नाशीची माणसं दोन मिनिटांत एकमेकांचं गाव, आडनाव, बॅच आणि बदली कुठे झाली हे काढून मोकळी होतात. बर्फ जमायला इथे वेळच कोणी देत नाही. पण ट्रेनर म्हणजे पस्तिशीचा, टाय लावलेला, टाळ्या वाजवून बोलणारा तरुण. त्यानं विचारलं, "तुम्ही फळ असता तर कोणतं फळ असता?" रत्नागिरीकडच्या साहेबांनी अर्थातच हापूस घेतला, त्यामुळे देवगडचे एक जण उगाच गप्प झाले. कोणी फणस झालं, कोणी सीताफळ. ऑडिट विभागातले साहेब उठले आणि शांतपणे म्हणाले, "नारळ." त्यानंतर खोलीत बराच वेळ कोणी हसलं नाही. बर्फ होता नव्हता तेवढा तिथेच जमला.

मग दिवे मंद होतात आणि पडद्यावर पिरॅमिड येतो. हा पिरॅमिड ज्यानं पाहिला नाही असा नोकरदार आता शोधावा लागेल. आपण वाचलेलं दहा टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं वीस टक्के, पाहिलेलं तीस टक्के, असं करत करत स्वतः केलेलं नव्वद टक्के. आकडे इतके गोल की लेजरमध्ये आले असते तर आमच्या ऑडिटवाल्यांनी लाल पेनानं वर्तुळ केलं असतं. याचं मूळ एडगर डेल नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाकडे नेतात. डेलसाहेबांनी १९४६ साली 'अनुभवाचा शंकू' काढला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. टक्के मागाहून कोणी तरी चिकटवले आणि त्यांच्यामागे कसलंही संशोधन नाही. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की आमचा ट्रेनर ती स्लाइड मोठ्यांदा वाचून दाखवत होता. म्हणजे त्याच्याच हिशेबानं तो आम्हाला दहा-वीस टक्क्यांच्या वर काही द्यायला आलेला नव्हता.

पुढची स्लाइड 'संवादकौशल्य'. संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हे आकडे मात्र खरोखर कोणी तरी काढले आहेत. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञानं १९६७ साली. पण ते प्रयोग होते एखाद-दुसरा शब्द, सुटे आवाज आणि चेहऱ्याचे फोटो घेऊन केलेले. बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही, हे तोंडचा शब्द एक सांगतो आणि चेहरा दुसरंच, अशा वेळी ऐकणारा कशावर विश्वास ठेवतो, एवढाच तो प्रश्न होता. मुदतठेवीचा व्याजदर सांगण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरी जगभरातले ट्रेनर तो ५५ टक्क्यांचा आकडा घेऊन फिरतात. मागच्या बाकावरून एका मॅडमनी हात वर केला. "सर, मग पुढचं सत्र तेलुगूत घ्या ना. सातच टक्के बुडेल." चहा त्या दिवशी दहा मिनिटं आधी आला.

या सगळ्या शास्त्रात एक माणूस मला मनापासून आवडतो, तो म्हणजे हर्मान एबिंगहाउस. जर्मनीत या गृहस्थानं दोनेक हजार निरर्थक अक्षरगट तयार केले, ते स्वतःच पाठ केले आणि आपण किती वेळात किती विसरतो याची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. १८८५ साली ते पुस्तकरूपानं छापलं. तासाभरात अर्ध्याहून अधिक ऐवज उडतो, दिवसभरात दोन तृतीयांशाच्या आसपास. निरर्थक शब्दच का? तर अर्थ लागला की माणूस फसवतो, त्याला आधीपासून ठाऊक असलेलं काही तरी मदतीला येतं. बिचाऱ्याला ते शब्द एकट्यानं बसून बनवावे लागले. आज असता तर 'सिनर्जी', 'लेव्हरेज', 'पॅराडाइम शिफ्ट', 'होलिस्टिक ॲप्रोच' अशी तयार यादी त्याला कोणत्याही ट्रेनिंग सेंटरवर फुकट मिळाली असती.

एबिंगहाउसच्याच कामातून निघालेली आणि नंतरच्या लोकांनी पुन्हा पुन्हा तपासून पाहिलेली एक साधी गोष्ट अशी : एका दिवसात आठ तास कोंबण्यापेक्षा तेच थोडं थोडं, मध्ये दिवस जाऊ देऊन केलं तर टिकतं. आणि पुन्हा वाचण्यापेक्षा, न बघता आठवायला लावलं तर जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर हेच पाहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा ज्यांनी मधल्या वेळात आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. पण आठवड्यानं विचारायचं म्हणजे आठवड्यानं तिथे कोणी तरी असायला हवं. आमचा ट्रेनर तोवर नागपूरला दुसऱ्या बॅचला फळं विचारत असतो.

ट्रेनिंगचं मूल्यमापन जेवणानं होतं. हे मी टवाळी म्हणून सांगत नाही, फॉर्म बघा. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकी प्राध्यापकानं १९५९ साली ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना आवडलं का, लोक शिकले का, कामावर परतल्यावर वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेला काही मिळालं का. आपण पहिल्या पायरीवर सतरंजी टाकून बसलो आहोत. तिसऱ्या दिवशी साडेचारला, परतीच्या एसटीची वेळ झालेली असताना, फॉर्म वाटतात. 'सत्र उपयुक्त वाटले का?' याला सगळे पाचपैकी पाच देऊन टाकतात. पोराची नोकरी आहे, कशाला वाईट लिहा. 'भोजनव्यवस्था' या रकान्यात मात्र माणसं खरं लिहितात, सविस्तर लिहितात, मार्जिनमध्ये लिहितात. पनीर घट्ट होतं. दुसऱ्या दिवशी बासुंदीऐवजी कस्टर्ड का? एकानं तर पुरवणी मागितली. कोणत्याही ट्रेनिंग सेंटरची दहा वर्षांतली प्रगती बघायची असेल तर तिथल्या स्वयंपाकघरात जावं. पीपीटी तेच आहे, रस्सा सुधारला आहे.

शिवाय त्या जेवणानंतरचं सत्र कोणाच्या वाट्याला येतं हे सेंटरमधल्या राजकारणावर ठरतं. 'नीतिमूल्ये' हा विषय नेहमी सव्वादोनला असतो.

आता निम्मं ट्रेनिंग ऑनलाइन झालंय. मॉड्यूल येतात. सायबर सुरक्षा, केवायसी, मनी लाँडरिंग प्रतिबंध. बाईंचा आवाज बोलत राहतो आणि तो संपेपर्यंत 'पुढे'चं बटण करडं राहतं, म्हणजे कोणी उडी मारू नये. लोक आवाज बंद करून खाली पासबुकं छापतात. शेवटी प्रश्न, पास व्हायला ८० टक्के. 'वरीलपैकी सर्व' असा पर्याय असेल तर तोच बरोबर, हे शिपायालाही माहीत आहे. तरी मार्च आला की चाळीसेक मॉड्यूल बाकी असतात आणि प्रादेशिक कार्यालयातून लाल रंगात यादी येते. मग शाखेत नवी लागलेली एक हुशार मुलगी असते, तिला सगळे आपापला आयडी-पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतात. ती संध्याकाळी बसून अख्ख्या शाखेचं उरकते. त्यात एक मॉड्यूल 'आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका' हे असतं. त्यातही शाखेला शंभर टक्के मिळतात.

आगीचं मॉक ड्रिल हा प्रकार मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटायचा, कारण त्यात निदान हातपाय हलवावे लागतात. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला, आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी १४ ते २० एप्रिल अग्निसुरक्षा सप्ताह असतो. त्या आठवड्यात आमच्याकडे ड्रिल होतं. 'अचानक' भोंगा वाजणार आहे असं परिपत्रक दोन दिवस आधी येतं. भोंगा वाजला की माणसं संगणक लॉक करतात, पर्स घेतात, डबा घेतात, गाडीची किल्ली घेतात आणि गप्पा मारत जिना उतरतात. खाली शिटी, मोजणी, फोटो. एका नव्या पोरानं विचारलं, "तो लाल सिलिंडर एकदा चालवून बघू का?" सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं तिजोरी उघडायला मागितली. पिन काढली तर पुन्हा भरायला पाठवावा लागतो, त्याची नोट कोण टाकणार? तेव्हा पिन ओढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, दांडा दाबा, डावीकडून उजवीकडे फिरवा, हे सगळं त्याला तक्त्यावर दाखवण्यात आलं. सिलिंडरच्या खाली स्टुलावर झेरॉक्सचे कागद ठेवले होते, ते तसेच राहिले.

तक्त्याचा कळस मात्र खोट्या नोटांच्या ट्रेनिंगला झाला. खोटी नोट ओळखणं हे मुळात बोटांचं काम. हॉलमध्ये पस्तीस कॅशियर, आणि पडद्यावर पाचशेची नोट, दहा फूट लांब. ट्रेनर लेझरचा लाल ठिपका फिरवत सांगतो, "इथे उठावाची छपाई आहे, हात लावल्यावर खरखरीत लागेल." हात कुठे लावायचा? भिंतीला? "ही सुरक्षा पट्टी, नोट तिरकी केली की हिरव्याची निळी होते." प्रोजेक्टर तिरका करता येत नव्हता. पस्तीस जणांच्या खिशात मिळून शे-दीडशे खऱ्या नोटा असतील, त्या बाहेर काढा असं त्याला सुचलं नाही आणि आम्हाला कोणी विचारलं नाही.

आमच्या शाखेत हेड कॅशियरला सगळे काका म्हणतात. काकांनी आजवर शिकवून तयार केलेले कॅशियर आता अर्ध्या जिल्ह्यात बसले आहेत, आणि यातल्या कशालाही ते ट्रेनिंग म्हणत नाहीत. नवा मुलगा आला की पहिल्यांदा त्याला विचारतात, "आधी कुठे पैसे मोजलेत? वडिलांचं दुकान वगैरे?" तो काय सांगतो त्यावर सुरुवात कुठून करायची ते ठरतं. मग ओल्या स्पंजची डबी मधे ठेवून शंभर नोटांचं पॅकेट हळू मोजून दाखवतात. डाव्या हाताची दोन बोटं कुठे, उजव्या अंगठ्यानं ओढायचं की ढकलायचं, आणि का. "ओढलंस तर दोन चिकटून येतात." नंतर पॅकेट त्याच्या हातात देतात आणि करताना तोंडानं बोलायला लावतात : काय करतोयस, कशासाठी करतोयस. चुकला की हात धरतात. जमायला लागलं की उठून जातात, पण लांब नाही. पलीकडच्या टेबलावर चेक बघत असतात आणि नोटांच्या आवाजावरून ओरडतात, "दोन आल्या बघ!"

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांचे जुने कारागीर सैन्यात गेले आणि यंत्रांवर अगदी नवखी माणसं उभी राहिली, तेव्हा तिथल्या सरकारनं १९४० सालीच काढलेली 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची मोहीम कामी आली. मुकादमांना खिशात मावेल असं एक कार्ड दिलं, त्यावर चार पायऱ्या : शिकणाऱ्याची तयारी बघा, करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग त्याला सोडून अधूनमधून येऊन बघा. शिवाय, माणूस शिकला नसेल तर दोष शिकवणाऱ्याकडे, असं कार्डावर स्पष्ट बजावलं होतं. युद्धानंतर हेच जपानला गेलं, टोयोटानं उचललं, आणि तिथून नाव बदलून, दाम वाढवून आपल्याकडे कार्यशाळा म्हणून आलं. काकांनी ते कार्ड पाहिलेलं नाही. मुंबईच्या डबेवाल्यांनीही पाहिलेलं नाही. नवा गडी जुन्याबरोबर लाइनीवर हिंडतो आणि डब्याच्या झाकणावरच्या खुणा वाचायला शिकतो. त्यांच्यावर २०१० साली हार्वर्डनं केस स्टडी लिहिली. ज्यांनी ट्रेनिंगचा हॉल जन्मात पाहिला नव्हता, त्यांनाच आता त्या हॉलमध्ये भाषणाला बोलावतात, आणि ऐकायला बसलेल्यांच्या गळ्यात नावं अडकवलेली असतात.

काकांची परीक्षा कधी येईल सांगता येत नाही. चार-सहा दिवसांनी ते एक पॅकेट सहज पुढे सरकवतात, "बघ रे जरा." त्यात ९९ निघतात. पुन्हा दहा दिवसांनी दुसरं, त्यात १०१. "कमी भरली तर गिऱ्हाईक सांगतं. जास्त गेली तर कोण सांगणार?" खोटी नोट ते शिकवायला ठेवत नाहीत, ठेवताही येत नाही. त्याऐवजी खरीच, डोळे मिटायला लावून, हातात देतात. दोन्ही कडांच्या तिरप्या रेघा बोटानं मोज : शंभरच्या नोटेला चार, पाचशेला पाच. "हा कागद नाही, कापूस आहे. चुरगळून कानाशी धर."

पण त्यांचा खरा हात दिसतो तो पुढे. एक आजोबा गुळाचे पैसे भरायला आले होते, त्यांच्या गड्डीत पाचशेची एक खोटी निघाली. नियम सोपा आहे : नोट परत द्यायची नाही, त्यावर खोटी असल्याचा शिक्का मारायचा, जप्त करून पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत असल्या तर महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवायचं, पाच किंवा जास्त असतील तर लगेच गुन्हा नोंदवायचा. पीपीटीत यापुढे एकच ओळ होती, 'ग्राहकाशी सौजन्याने वागावे'. काउंटरवरच्या नव्या मुलानं शिक्का उचलला होता. काकांनी त्याचं मनगट धरलं. आधी आजोबांना आत बोलावून खुर्ची दिली, पाणी मागवलं. नोट सगळा वेळ त्यांच्या डोळ्यांसमोर टेबलावर, नाही तर माणसाला वाटतं आत नेऊन बदलली. शेजारी खरी नोट ठेवून म्हणाले, "दोन्हींवरनं हात फिरवा बघू, बाबा." आजोबांनी फिरवला आणि स्वतःच म्हणाले, "ही गुळगुळीत आहे की." मग शिक्का. मुलाला काकांनी त्यावर एक शब्द सांगितला नाही. संध्याकाळी कॅश जुळल्यावर फक्त विचारलं, "पाणी आधी का मागवलं?"

हे बघून मी एक प्रस्ताव पाठवला. बँक उघडायच्या आधी वीस मिनिटं, काउंटरवरच. त्या आठवड्यात शाखेत जी चूक झाली असेल तीच विषय. शिकवणार काका. पुढच्या आठवड्यात आधी मागचं विचारायचं, मग नवं. खर्च : चहा.

वरून उत्तर आलं, 'प्रस्ताव तत्त्वतः मान्य.' पुढे शंका होत्या. बॅनरचा मजकूर काय? उद्घाटन कोणाच्या हस्ते? फीडबॅक फॉर्ममध्ये 'भोजनव्यवस्था' रकाना रिकामा राहिला तर सिस्टिम घेत नाही, तरी तिथे काय भरावे? आणि सर्वांत महत्त्वाचं, संबंधित प्रशिक्षक प्रमाणित आहेत काय? नसल्यास त्यांना 'ट्रेन द ट्रेनर' या पाच दिवसांच्या निवासी कार्यक्रमास पाठवावे.

काका गेले. शाखेला पाच दिवस रोज रात्री कॅश जुळायला साडेआठ वाजले. ज्याच्यावाचून अडतं असा माणूस ट्रेनिंगला गेल्याची आमच्याकडची ही पहिलीच वेळ. परत आले ते पिशवी, प्रमाणपत्र आणि पेन ड्राइव्ह घेऊन. पेन ड्राइव्हमध्ये 'चलन हाताळणी' या विषयावर नव्वद स्लाइडचं पीपीटी आहे, दुसऱ्याच स्लाइडवर फळं आहेत, आणि रोज ते दाखवूनच शिकवावं अशी लेखी सूचना आहे. काकांना ते दाखवायची इच्छाही आहे, मेहनत केलीय त्यांनी. पण सायबर सुरक्षेच्या कारणास्तव आमच्या शाखेतले संगणक पेन ड्राइव्ह घेत नाहीत. परवानगीसाठी पत्र गेलंय. ती येईपर्यंत काका स्पंजची डबी घेऊनच शिकवतायत.